घेणाऱ्याची ओळख

परभणी जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक सहसा गंगाखेडच्या जनाबाईंपासून, चारठाण्याच्या जुन्या देवळांपासून किंवा निजामी अमदानीतील महसुली दप्तरांपासून आरंभ करतो, आणि ते यथोचितच आहे. परंतु या जिल्ह्याला आणखीही एक इतिहास आहे, जो राजांच्या वा संतांच्या नव्हे, तर सांधेवाल्यांच्या, स्टेशनमास्तरांच्या, टेलिफोन ऑपरेटरांच्या आणि अलीकडे कचेरीतील तारा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातांनी घडला. एका ठिकाणाहून आलेली वस्तू, मग ती कापसाची गाठ असो, मनुष्याचा आवाज असो की हलते चित्र असो, अनेक वाटांपैकी कोणत्या वाटेला लावावयाची, हा या इतिहासातील पहिला प्रश्न. आणि जेथे ती पोचावयाची तेथील घेणारा ती घेण्यास समर्थ आहे किंवा नाही, हे आधी कोणी जाणून घ्यावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राने फार लवकर दिले. दुसऱ्याचे उत्तर माणसाच्या डोक्यातून यंत्राच्या स्मृतीत उतरावयास बराच अधिक काळ लागला, आणि जिल्ह्याच्या सदर कचेरीत ज्याला नुसते ‘व्हीसी’ म्हणतात तसल्या दृक्-श्राव्य बैठकांसाठी, मोठ्या सभागृहांसाठी आणि नियंत्रणकक्षांसाठी वापरली जाणारी ‘व्हिडिओ मॅट्रिक्स’ नावाची पेटी हा त्या प्रवासाचा आजचा मुक्काम होय.

मनमाडपासून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातून वाहती झाली, तेव्हा सेलू, मानवत रोड, परभणी आणि पूर्णा ही नावे आगगाडीच्या वेळापत्रकात दाखल झाली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर तोच फाटा अकोला-खांडव्याच्या वाटेने उत्तरेकडील मीटर गेजला जाऊन मिळाल्यामुळे दक्षिणोत्तर जाणाऱ्या गाड्यांना पूर्णेवरून सरळ वाट मिळाली. पूर्णा हे गाव त्यामुळे रेल्वेचेच गाव झाले. रुळांचे दोन पदर जेथे एकमेकांस मिळतात तेथील सांधे कोणत्या क्षणी कोणत्या बाजूस वळलेले असावेत, यावर शेकडो उतारूंचे प्राण आणि हजारो मण मालाची सुरक्षितता अवलंबून असे. सांधा हे जोडणीचे आद्य यंत्र होय. त्याला दोनच अवस्था असतात, इकडे किंवा तिकडे. आणि केबिनमधील खटके एकमेकांशी असे जखडलेले असतात की सांधा पुरता बसून कुलूपबंद झाल्यावाचून त्या वाटेचा सिग्नल पडूच शकत नाही. एका वेळी एका रुळावर दोन गाड्यांना मार्ग देणे मनुष्याच्या मनात आले तरी यंत्र ते करू देत नाही, हा जोडणीच्या शास्त्रातील पहिला कायदा आपल्या प्रांतात लोखंडाच्या दांड्यांनी आणि खटक्यांनी लिहिला गेला.

परंतु सांधा बसला एवढ्याने गाडी सुटत नाही. भारतातील एकेरी मार्गांवर पिढ्यान् पिढ्या जी पद्धत चालली तिच्यात गाडी पाठविणाऱ्या स्टेशनाला स्वतःच्या मुखत्यारीने गाडी सोडण्याचा अधिकारच नव्हता. त्याने पुढच्या स्टेशनाला घंटेच्या ठोक्यांनी विचारावयाचे, पुढच्या स्टेशनमास्तराने आपला मार्ग मोकळा आहे अशी खातरजमा करून आपल्या यंत्राची मूठ फिरवावयाची, आणि मगच पाठविणाऱ्याच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडावयाचा. तो गोळा पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिला की त्याला ‘लाइन क्लिअर’ मिळाले. घेणाऱ्याच्या संमतीवाचून देणाऱ्याने काहीही धाडू नये, हे तत्त्व यात सामावले होते, आणि विचारणा केव्हा झाली, संमती केव्हा आली व गाडी केव्हा निघाली यांच्या वेळा ट्रेन रजिस्टरात रीतसर नोंदल्या जात. जेथे यंत्राऐवजी टेलिफोनवरून संमती द्यावयाची असे तेथे दोन्ही मास्तर आपापल्या गुप्त तक्त्यातील ‘प्रायव्हेट नंबर’ एकमेकांस सांगत आणि वहीत लिहून घेत, जेणेकरून पलीकडून बोलणारा खरोखर अधिकारी मनुष्यच आहे याबद्दल संशय राहू नये. या दोन जाबत्यांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, म्हणून ते येथे जरा विस्ताराने सांगितले.

संमती असली तरी सामर्थ्य असतेच असे नाही. परभणीचा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर. मुंबईकडून मनमाडला येणारा मार्ग ब्रॉड गेजचा, म्हणजे १६७६ मिलिमीटर. सहाशे शहात्तर मिलिमीटरांच्या या फरकामुळे सेलू-मानवतच्या बाजारपेठांतून निघालेली कापसाची गाठ मुंबईस जाताना मनमाडच्या यार्डात एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढविल्यावाचून पुढे सरकत नसे, आणि त्या हमालीचा, विलंबाचा व नुकसानीचा बोजा शेवटी शेतकऱ्याच्या पदरी येई. देणारा आणि घेणारा यांचे माप जुळत नसेल तर जगात तीनच उपाय संभवतात: सर्वांचे माप एक करणे, मध्येच कोठेतरी माल उतरवून दुसऱ्या मापात भरणे, किंवा जे लहानात लहान माप आहे त्यालाच धरून आरंभापासून चालणे. मनमाडने नव्वद वर्षे दुसरा उपाय केला. १९९२ मध्ये देशात ‘युनिगेज’ योजना आली आणि त्या दशकात परभणीचे रूळ रुंद झाले, तो पहिला उपाय. पूर्णा-अकोला मार्गाला मात्र त्यासाठी २००८ साल उजाडावे लागले. या तीन उपायांची ही यादी वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण चित्रांच्या जोडणीत नेमके हेच तिन्ही उपाय, त्याच क्रमाने नव्हे पण त्याच कारणांनी, पुन्हा योजावे लागले.

आवाजाच्या जोडणीची कथा याहून निराळी आहे. तालुक्याच्या गावी जुन्या काळी जे हाताने चालणारे टेलिफोन एक्स्चेंज असे, त्यात ऑपरेटरपुढील फळ्यावर प्रत्येक वर्गणीदाराचे एक छिद्र असे. कोणी आपल्या यंत्राची मूठ फिरविली की त्याच्या नावाची पाकळी खाली पडे, ऑपरेटर दोरीचे एक टोक त्या छिद्रात खुपसून विचारी आणि दुसरे टोक मागितलेल्या छिद्रात खुपसून देई. सिग्नलची वाट म्हणजे ही दोरी. मात्र दोरी खुपसणारा मनुष्य नुसती वाट देत नसे. डॉक्टर या वेळी दवाखान्यात असतात की घरी, अमुक अडत्याच्या पेढीवर दुपारी कोण फोन घेतो, कोणाचे यंत्र खरखर करते म्हणून त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागते, ही सर्व माहिती त्याच्या डोक्यात साठलेली असे, आणि ती कोणत्याही दप्तरी नोंदलेली नसे. मुंबईचा कापसाचा भाव जाणण्यासाठी ‘ट्रंक’ बुक करून तासन् तास बसणाऱ्या व्यापाऱ्यास साधा, अर्जंट आणि लाइटनिंग यांतील दरांचा फरक जितका ठाऊक असे, तितकेच हेही ठाऊक असे की ऑपरेटरची मर्जी राखणे हा व्यवहाराचाच भाग आहे.

या मर्जीविरुद्धच स्वयंचलित एक्स्चेंज जन्मास आले, अशी कथा सांगतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचे सामान पुरविणारा व्यापारी. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते या संशयाने त्याने मनुष्यावाचून जोडणी करणारे यंत्र योजिले, आणि १८९१ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत ‘क्रॉसबार’ पद्धती सिद्ध झाली, जिच्यात आडव्या व उभ्या दांड्यांची जाळी असून ज्या दोन दांड्या हालविल्या त्यांच्या छेदबिंदूवरचा संपर्क जुळे. आपल्याकडे बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने क्रॉसबार एक्स्चेंजे बांधली. मग १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने धूळ, उकाडा आणि वातानुकूलनाचा अभाव यांना दाद न देणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, आणि परभणीच्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा असलेल्या खेड्यांत त्याची खरी परीक्षा झाली. ऑपरेटरची दोरी गेली, मर्जीही गेली. पण तिच्याबरोबर घेणाऱ्याविषयीचे त्याचे ज्ञानही गेले. स्वयंचलित यंत्राला नंबर कळे, मनुष्य कळत नसे. आवाजाच्या बाबतीत ते फारसे अडले नाही, कारण कोणत्याही टेलिफोनचा कर्णा कोणत्याही टेलिफोनाचा आवाज ऐकवू शकतो. माप एकच होते.

वाट देण्याचे गणितही याच काळात पक्के झाले. आठ येणाऱ्या वाटा आणि आठ जाणाऱ्या वाटा असतील आणि कोणतीही येणारी कोणत्याही जाणारीस केव्हाही जोडता यावी अशी इच्छा असेल, तर सरळ जाळीत आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ छेदबिंदू लागतात. वाटा दुप्पट केल्या की बिंदू चौपट होतात, आणि मोठ्या शहराच्या एक्स्चेंजात हा खर्च सोसण्यापलीकडे जातो. १९५३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चार्ल्स क्लॉस याने दाखवून दिले की एका मोठ्या जाळीऐवजी लहान जाळ्यांच्या तीन रांगा योजिल्या आणि मधल्या रांगेत पुरेशा जाळ्या ठेवल्या, तर कोणाचीही वाट न अडविता बिंदू वाचविता येतात. ३६ वाटांसाठी सरळ जाळीस १२९६ बिंदू लागतात. सहा-सहा वाटांचे सहा गट पाडून मध्ये अकरा जाळ्या ठेवल्या तर ११८८ पुरतात. बचत येथे अल्प दिसते, परंतु वाटा शेकडोंच्या घरात गेल्या की ती प्रचंड होते, आणि आजच्या मोठ्या चित्रजोडणीयंत्रांच्या रचनेतही हाच हिशेब उपयोगी पडतो.

चित्राचा प्रवेश झाला तो दूरदर्शनच्या रूपाने. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ऐंशीच्या दशकात उपग्रहाच्या आधाराने लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले तेव्हा मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या गावांतूनही छपरावरील काड्यांच्या अँटेना दिसू लागल्या. प्रक्षेपणाच्या व्यवस्थेत घेणाऱ्याची ओळख करून घेण्याचा प्रश्नच संभवत नाही, कारण घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे जाणारी तारच नसते. तेथे पहिला उपाय आधीच अमलात आणलेला असतो: सरकारने ६२५ ओळींचे एक माप ठरविले, आणि ज्याला संच विकावयाचा त्याने त्याच मापाचा संच बांधावा. केबलचालकांच्या काळातही हेच चालले. वाहिन्या वाढल्या, रिमोटवरील आकडे वाढले, परंतु चित्राचे माप तेच राहिले, म्हणून गंगाखेडच्या गल्लीतील जुना संच आणि परभणीच्या पेठेतील नवा संच यांना एकच तार पुरत असे.

घेणाऱ्याने स्वतःच आपले सामर्थ्य सांगावे ही कल्पना परभणीकरांनी प्रथम अनुभवली असेल तर ती नव्वदच्या दशकात, पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओच्या दुकानात, फॅक्सच्या यंत्राजवळ. फॅक्स लावला की पलीकडून जी शीळ ऐकू येते तिच्या पाठोपाठ घेणारे यंत्र एक छोटे निवेदन पाठविते: मी अमुक वेगाने घेऊ शकतो, अमुक सूक्ष्मतेने छापू शकतो, माझा कागद अमुक रुंदीचा आहे. पाठविणारे यंत्र ते ऐकून त्या मर्यादेत आपला वेग बसविते आणि मगच पान सरकू लागते. तिसऱ्या गटाच्या फॅक्सचे हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८० चे. ज्या दुकानदाराच्या यंत्रावर कागद अर्ध्यात अडके त्याला या शिळांचा अर्थ ठाऊक नसेल, परंतु स्टेशनमास्तरांच्या घंटेच्या ठोक्यांनंतर देणाऱ्या-घेणाऱ्यांचा तसा संवाद सामान्य माणसाच्या कानी पडला तो येथे.

संगणकाच्या पडद्याने हा संवाद फार तुटपुंज्या रीतीने आरंभिला. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए जोडणीत १५ पिना असत, त्यांतील काही पिना केवळ पडद्याची जात सांगण्यासाठी राखून ठेवलेल्या होत्या. पडद्याच्या आत एखादी पिन जमिनीस जोडलेली आहे की नाही एवढ्यावरून संगणकाने तो रंगीत की एकरंगी हे ताडावयाचे. पडदे अनेक मापांचे निघू लागताच ही खूण अपुरी पडली. तेव्हा पडदे व ग्राफिक्स कार्डे यांच्या उत्पादकांच्या ‘वेसा’ या संघटनेने १९९४ मध्ये नवे प्रमाण घालून दिले: प्रत्येक पडद्याच्या पोटात एक लहानशी स्मृती असावी, तिच्यात त्याचे ओळखपत्र लिहिलेले असावे, आणि संगणकाने दोन तारांवरून ते वाचून घ्यावे. जुन्या व्हीजीएतील ओळखीच्याच दोन पिना, बारावी आणि पंधरावी, या कामी लावल्या गेल्या. या ओळखपत्राला तंत्रज्ञ ईडीआयडी म्हणतात.

त्याची मूळ लांबी अवघी १२८ बाइट, म्हणजे शून्य ते २५५ यांमधील १२८ संख्या. पहिल्या आठ संख्या सर्व पडद्यांवर सारख्याच: एक शून्य, मग सहा वेळा २५५, पुन्हा शून्य, ही जणू मोहोर. तिच्यानंतर दोन बाइटांत उत्पादकाची तीन अक्षरे, प्रत्येक अक्षरास पाच द्विमान अंक याप्रमाणे दाटीवाटीने बसविलेली. मग मालाचा क्रमांक, अनुक्रमांक, निर्मितीचा आठवडा, आणि वर्ष, जे १९९० पासून मोजावयाचे, म्हणजे तेथे ३० असेल तर पडदा २०२० चा. पुढे पडद्याची रुंदी व उंची सेंटिमीटरांत, रंगांचे स्वरूप, आणि तो स्वीकारू शकेल अशा मापांच्या याद्या. चोपन्नाव्या स्थानापासून (मोजणी शून्यापासून) सर्वांत महत्त्वाचा मजकूर सुरू होतो, कारण पडद्याला पसंत असलेले माप तेथे असते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या, सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या नेहमीच्या पडद्यात तेथे २ आणि ५८ या दोन संख्या आढळतात. ५८ ला २५६ ने गुणून त्यात २ मिळविले की १४,८५० येतात, आणि दहा किलोहर्ट्झच्या एककात त्याचा अर्थ १४८.५ मेगाहर्ट्झ होतो. १९२० व १०८० यांच्या गुणाकाराने हा आकडा येत नाही. तो येतो २२००, ११२५ आणि ६० यांच्या गुणाकाराने. उरलेली जागा चित्राच्या ओळी-ओळींमधील विश्रांतीची आहे, जी जुन्या काचेच्या नळीतील किरणाला परत मागे येण्यासाठी द्यावी लागे. नळी गेली, तिच्यासाठी राखलेला अवकाश मात्र मापात राहून गेला, आणि आज त्या अवकाशातून आवाज वाहून नेला जातो. शेवटची, १२८ वी संख्या अशी निवडलेली असते की सर्वांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. हिशेब जुळला नाही तर ओळखपत्र भ्रष्ट समजावे. जमाखर्चाच्या ताळ्यावर जगणाऱ्या कोणत्याही मुनीमास ही योजना समजावून सांगावी लागणार नाही.

२००२ च्या अखेरीस एचडीएमआय आले, तेव्हा हेच ओळखपत्र त्यात पुढे चालू राहिले. त्याला आवाजाच्या प्रकारांची व दूरचित्रवाणीच्या मापांची माहिती देणारे आणखी १२८ बाइटांचे पुरवणीपत्र जोडले जाऊ लागले. या जोडणीच्या १९ पिनांपैकी बहुतेक चित्राच्या वेगवान प्रवाहासाठी असतात, दोन ओळखपत्र वाचण्यासाठी, एक पाच व्होल्टचा पुरवठा करण्यासाठी, आणि एकोणिसावी ‘मी येथे आहे’ असे पडद्याने सांगण्यासाठी. पाच व्होल्ट स्रोताकडूनच येत असल्यामुळे पडदा बंद असला तरी त्याचे ओळखपत्र वाचता येते. चित्र पाठविण्यापूर्वी स्रोताने ही पिन पाहावयाची, ओळखपत्र मागावयाचे, त्यातील माप निवडावयाचे आणि मगच प्रवाह सोडावयाचा. लाइन क्लिअर मिळाल्यावाचून गाडी न सोडण्याचाच हा प्रकार आहे, फक्त घंटेच्या ठोक्यांऐवजी विद्युद्दाब आणि दोन मास्तरांऐवजी दोन चिपा.

एक स्रोत आणि एक पडदा असतील तोवर हे सुरळीत चालते. मॅट्रिक्स मध्ये आली की गुंतागुंत सुरू होते. अशा पेटीत आतल्या बाजूस अर्धवाहकाची जाळी असते. प्रत्येक जाणाऱ्या वाटेस येणाऱ्या वाटांपैकी एक निवडता येते, एकच येणारी वाट अनेक जाणाऱ्यांस देता येते, परंतु एका जाणाऱ्या वाटेवर दोन स्रोत मिसळता येत नाहीत. केबिनच्या खटक्यांचा कायदा येथे सिलिकॉनमध्ये उतरला आहे, आणि वाट देण्याचे काम इतके सोपे झाले आहे की ते क्षणार्धात पार पडते. खरी अडचण ओळखीची आहे. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपची तार पेटीत घातली; पेटीच्या पलीकडे एक जुना प्रोजेक्टर आहे, जो १०२४ गुणिले ७६८ बिंदू जाणतो, भिंतीवर १९२० गुणिले १०८० चा संच आहे, आणि शेजारी ३८४० गुणिले २१६० चा नवा पडदा आहे. लॅपटॉप विचारतो, तू कोण? यावर पेटीने काय उत्तर द्यावे?

येथे मनमाडचे तिन्ही उपाय पुन्हा समोर उभे राहतात. पेटी सर्वांत दुबळ्या पडद्याचे ओळखपत्र लॅपटॉपला दाखवू शकते. मग चित्र सर्वत्र दिसते, पण मोठ्या पडद्यावरही ते लहान मापाचेच दिसते. पेटीत मापांतर करणारे यंत्र असेल तर ती मोठे माप मागून घेऊन प्रत्येक वाटेवर त्या त्या पडद्याच्या मापात ते उतरवून देते. परंतु मापांतराला पैसा लागतो, थोडा विलंबही लागतो, आणि ती हमाली येथे विजेच्या रूपाने चुकवावी लागते. किंवा कक्षातील सर्व पडदे एकाच मापाचे विकत घ्यावेत, म्हणजे प्रश्नच उरत नाही. हा युनिगेजचा मार्ग सर्वांत सुटसुटीत, आणि आरंभी सर्वांत महाग. चौथी गोष्ट घडू शकते ती म्हणजे पेटीने मोठ्या पडद्याचे ओळखपत्र जसेच्या तसे पुढे करावे, मग लॅपटॉप मोठे माप सोडतो आणि प्रोजेक्टरवर काळोख पसरतो.

यात आणखी एक जाबता आहे. संरक्षित चित्रांसाठी एचडीसीपी नावाची गुप्तलेखनाची पद्धत असते. स्रोत पडद्याकडे त्याच्या किल्लीची खूण मागतो, ती रद्द ठरविलेल्यांच्या यादीत नसेल तरच चित्र उलगडण्याची इजाजत मिळते. किल्लीची खूण ४० द्विमान अंकांची असून तीत नेमके वीस एक आणि वीस शून्य असावे लागतात. मॅट्रिक्सला या व्यवहारात दोन्ही बाजूंनी बोलावे लागते: स्रोतापुढे ती घेणारी बनते, पडद्यापुढे देणारी, आणि आपल्यामागे किती पडदे आहेत याची फेहरिस्तही स्रोताला सादर करते. प्रायव्हेट नंबरांच्या तक्त्यामागे जी शंका होती, म्हणजे पलीकडे बोलणारा खराच आहे ना, तीच शंका येथे कंपन्यांच्या मालकीहक्काच्या रक्षणासाठी राबविली जाते. एका ठिकाणी प्राण वाचविणे हा हेतू, दुसऱ्या ठिकाणी महसूल वाचविणे, एवढाच भेद.

व्हीसी सुरू होण्याआधी लॅपटॉप जोडल्यावर दोन-तीन सेकंद पडदा काळा राहतो तो या सर्व संवादामुळे. तो काळा राहूनच गेला तर कोणीतरी म्हणतो, ‘तार काढून परत घाला,’ आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते. यात चमत्कार काही नाही. तार काढली की एकोणिसाव्या पिनेवरचा दाब पडतो, घातली की चढतो, आणि त्या चढ-उताराने लॅपटॉपला ओळखपत्र पुन्हा वाचावे लागते. चांगली मॅट्रिक्स हेच काम तार न काढता करते: दाब सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून किंचित अधिक काळ पाडून ती स्रोताला पुन्हा विचारावयास भाग पाडते. वाट बदलली तरी स्रोताला ते कळू नये आणि पडदा काळा होऊ नये म्हणून काही पेट्या स्वतःजवळच एक कायमचे ओळखपत्र बाळगतात व पलीकडे कोणीही असो, तेच दाखवितात.

हे कायमचे ओळखपत्र हाच आजच्या जोडणीच्या धंद्यातील खरा निर्णय आहे, आणि तो सहसा कोठेही लिहिलेला नसतो. पेटी बसविणारा तंत्रज्ञ, उद्घाटनाच्या घाईत, सर्वत्र चित्र यावे म्हणून सर्वांत लहान माप पेटीत साठवितो आणि निघून जातो. चार वर्षांनी जुना प्रोजेक्टर अडगळीत जातो, त्याच्या जागी नवा महागडा पडदा येतो, तरी पेटी लॅपटॉपला अजूनही त्या गेलेल्या प्रोजेक्टरचीच ओळख सांगत असते, आणि पिकांच्या नकाशातील बारीक रेषा किंवा अंदाजपत्रकातील छोटे आकडे पुसट दिसतात म्हणून दोष नव्या पडद्याला किंवा वाचणाऱ्याच्या चष्म्याला दिला जातो. जुन्या ऑपरेटरच्या डोक्यातील ज्ञान निदान त्याच्याबरोबर ताजे होत असे. पेटीतील ज्ञान ज्या दिवशी लिहिले त्याच दिवसाचे राहते.

उपाय अवघड नाही, आणि तो महागही नाही. पेटीत कोणते ओळखपत्र ठेवले, कोणत्या पडद्यासाठी ठेवले, कोणत्या तारखेस आणि कोणी ठेवले, ही एक ओळ कक्षाच्या नोंदवहीत सहीनिशी असावी, आणि पडदा बदलण्याचे बिल मंजूर करताना ती ओळ पुन्हा तपासण्याची ताकीद त्याच कागदावर असावी. स्टेशनच्या ट्रेन रजिस्टरात अशीच नोंद ठेवावी लागे, कारण तेथे चूक झाली तर ती लपत नसे. चित्राच्या जोडणीत वाट चुकली तर भलतेच चित्र येते आणि कक्षातील प्रत्येकाला ते कळते. घेणाऱ्याची ओळख चुकली तर चित्र दिसतच राहते, फक्त कमी दिसते, आणि जे दिसावयाचे राहिले त्याची तक्रार करण्यास कोणी उठत नाही. तक्रार येत नाही तेथेच नोंदीची गरज अधिक असते.